प्रबंधासाठी सहा लाख, पीएचडीसाठी फेलोशिप: पुण्यात राहून पैसा कुठे मागायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यातल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात एमडी मायक्रोबायॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहात. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायची वेळ आली आहे. कार्बापेनेम या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या क्लेबसिएला या जंतूच्या शंभर आयसोलेट्सचं, म्हणजे रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळ्या केलेल्या जंतूंचं, होल जीनोम सिक्वेन्सिंग (पूर्ण जनुकीय मजकुराचं वाचन) करायचं ठरवलंय आणि त्यासाठी एका कंपनीने सहा लाखांचं कोटेशन दिलंय. धाकट्या बहिणीने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पीएचडीला नोंदणी केली आहे, संशोधन केंद्र एका कॉलेजात आहे, नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप, नाही आणि घरून दर महिन्याला पैसे मागवायला तिला संकोच वाटतो. शेवटी तुम्ही म्हणता, दोघींसाठी सगळ्या ग्रँट्सची यादी द्या.

यादी मी देणार नाही. याद्या इंटरनेटवर ढिगाने पडल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच शिळ्या आहेत. अजूनही कित्येक ठिकाणी 'सर्बकडे अर्ज करा' असं लिहिलेलं सापडतं. सर्ब, म्हणजे केंद्राचं विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, आता नाही. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, म्हणजे एएनआरएफ, स्थापन झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये तो कायदा लागू झाला आणि सर्ब त्यात विलीन झालं. योजनांची नावं बदलली, अटी बदलल्या. दुसरं असं की यादी वाचून वाटतं, वीस दारं उघडी आहेत. तुमच्या परिस्थितीतल्या माणसाला त्यातली तीन-चारच खरी असतात, आणि ती कुठली हे तुमच्या विषयापेक्षा तुमच्या नोंदणीवर, वयावर आणि संस्थेच्या कागदांवर ठरतं.

मी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात संशोधन विभागात बरीच वर्षं आहे. डॉक्टरांचे प्रस्ताव वाचणं, बजेट बसवणं, खर्चाचे हिशेब पाठवणं हे रोजचं काम. अधूनमधून दुसरीकडे अर्जांच्या छाननीलाही बसते. छाननीच्या टेबलावर विज्ञान कच्चं म्हणून पडणारे अर्ज असतातच, पण विज्ञान ठीक असून चुकीच्या योजनेत आलेले अर्ज त्याहून जास्त जीव खातात. चांगली मुलगी, चांगला विषय, आणि पहिल्याच पानावर पात्रतेच्या ओळीत बाद. म्हणून मी नेहमी एकच प्रश्न आधी विचारते: हा पैसा कोणाच्या नावाने येणार आहे?

माणसाच्या नावाने येतो तो फेलोशिपचा पैसा. त्यात पोट भरतं, आणि वर थोडा आकस्मिक खर्च निघतो. अभ्यासाच्या नावाने येतो तो प्रोजेक्टचा पैसा. तो संस्थेच्या खात्यात जमा होतो आणि प्रमुख संशोधक, म्हणजे पीआय, म्हणून सहसा नियमित नोकरीतला शिक्षक लागतो. विद्यार्थी तिथे पीआय होऊ शकत नाही, कितीही हुशार असला तरी. तिसरा पैसा येतो उत्पादन बनवणाऱ्याच्या नावाने, त्याचं गणितच वेगळं. तुम्हाला स्टायपेंड मिळतो, म्हणजे तुमचं पोट सुटलेलं आहे. तुम्हाला अभ्यासाचा पैसा हवा आहे. बहिणीला नेमका उलटा, स्वतःच्या नावाचा पैसा हवा आहे. दोघींचे अर्ज, पोर्टल, कागद, कशाचाही एकमेकांशी संबंध नाही. तेव्हा वेगवेगळं बोलू.

तुमच्यापासून सुरुवात करते, आणि पैशाआधी त्या सहा लाखांबद्दल.

पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटच्या प्रबंधासाठी सहा लाख देणारी योजना माझ्या पाहण्यात नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, एमडी-एमएसच्या प्रबंधांना अर्थसाहाय्य देते, पण ते छोटं असतं. किट, प्रायमर, थोडी स्टेशनरी निघावी एवढं. मग दोनच मार्ग उरतात: पैसा वाढवायचा किंवा खर्च कमी करायचा. खर्च कमी करण्याचा विचार आधी करा. त्यात काही कमीपणा नाही. उलट तपासणारा तेच बघतो की या मुलीला आपल्या प्रश्नाला किती तंत्र लागतं हे कळलंय का.

तुमचा प्रश्न काय आहे? 'आमच्या रुग्णालयातल्या कार्बापेनेम-प्रतिरोधी क्लेबसिएलामध्ये कुठली जनुकं आहेत' हा असेल, तर त्याला होल जीनोम लागत नाही. एमसिम आणि ईसिम या चाचण्या तुमच्या विभागातल्या मेरोपेनेमच्या डिस्क, ब्रॉथ आणि ईडीटीएवर होतात. कार्बापेनेमेज, म्हणजे हे औषध तोडणारं विकर, आहे का आणि ते मेटॅलो (धातूवर चालणाऱ्या) प्रकारचं आहे का, एवढं त्यातून समजतं. पुढे एनडीएम, ऑक्सा-४८, केपीसी, व्हिम, इम्प या जनुकांच्या पाच कुटुंबांसाठी पीसीआर किंवा पट्टीवरची इम्युनोक्रोमॅटोग्राफी पुरते. कोविडात बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत आरटी-पीसीआरची यंत्रं आली, त्यातली कित्येक आता अर्धवेळ रिकामी असतात. तुमच्या कॉलेजात आहे का बघा. यंत्र घरचं असेल तर खर्च उरतो प्रायमर, मास्टरमिक्स आणि डीएनए काढण्याच्या किटचा.

प्रश्न 'आयसीयूमध्ये हा जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरतोय का' असा असेल, तर मात्र सिक्वेन्सिंगला अर्थ आहे. पण तेव्हाही शंभरचं कशाला? आयसीयूतले, ठरावीक काळातले, एकसारखा प्रतिरोध दाखवणारे मोजके आयसोलेट्स निवडा. बाकीचे ग्लिसरॉलमध्ये उणे ऐंशीला ठेवून द्या. जंतू नीट साठवलेला असेल तर पुढे पैसा मिळाल्यावर सिक्वेन्सिंग केव्हाही करता येतं; साठवलाच नाही तर कितीही पैसा येऊन उपयोग नाही.

आता त्या 'शंभर' आकड्याबद्दल. माझा अंदाज आहे की तो ४पीक्यू भागिले डीवर्ग या नमुनासंख्या काढायच्या आपल्या लाडक्या सूत्रातून आलाय (पी म्हणजे प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेलं, डी म्हणजे चालणारी चूक). प्रमाण ५० टक्के धरलं आणि चूक १० टक्क्यांपर्यंत चालेल म्हटलं, तर ४ गुणिले ५० गुणिले ५० भागिले १०० म्हणजे बरोबर शंभर. हीच चूक ५ टक्क्यांवर आणायची म्हटली की आकडा चारशेवर जातो. म्हणजे अचूकता दुप्पट केली की खर्च चौपट. हे सिनॉप्सिसमध्ये एका वाक्यात स्पष्ट लिहा: एवढी अचूकता का पुरेशी मानली. आणि एक काम आजच करा, विभागाचं गेल्या वर्षाचं रजिस्टर उघडून असे आयसोलेट्स किती मिळाले ते मोजा. चाळीस मिळत असतील तर दीड वर्षात शंभर होणार नाहीत, आणि हे छाननी करणाऱ्याला तुमच्या आधी कळतं. संख्याशास्त्रात अडत असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग विज्ञान संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा जो ऑनलाइन कोर्स पीजींना सक्तीचा आहे, तो प्रमाणपत्रापुरता क्लिक करत जाऊ नका. मला त्यातले नमुनासंख्येवरचे धडे बऱ्याच पाठ्यपुस्तकांपेक्षा बरे वाटतात.

एवढं केलंत की सहा लाखांचा खर्च बराच खाली येतो. किती ते तुमच्या विभागात काय उपलब्ध आहे त्यावर; इथे बसून मी आकडा सांगणं बरोबर नाही. पण खाली आल्यावर कुठे मागायचं ते आता सांगता येतं.

पहिलं दार तुमच्याच कॉलेजचं. कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असेल तर त्या विद्यापीठाकडून विद्यार्थी आणि शिक्षक दोघांसाठी छोटी संशोधन अनुदानं निघतात. परिपत्रक कॉलेजच्या ऑफिसात येतं आणि बरेचदा तिथेच फायलीत राहतं. कॉलेज अभिमत विद्यापीठाचं असेल तर नाशिकचा रस्ता बंद, पण मग 'सीड मनी', म्हणजे संस्थेने संशोधन सुरू करायला दिलेला पैसा, विचारा. शिक्षकांना संशोधनासाठी सीड मनी दिला का, किती दिला, हा नॅकच्या, म्हणजे उच्चशिक्षण संस्थांना दर्जा देणाऱ्या परिषदेच्या, मूल्यमापनात थेट मोजला जाणारा मुद्दा आहे. त्यामुळे नॅक जवळ आलेल्या संस्थेला तो द्यायचाच असतो, फक्त मागणारा शिक्षक हवा असतो. अर्ज गाईडच्या नावाने जाईल, काम तुमचं. असा पैसा दिल्लीहून येणाऱ्या पैशापेक्षा कितीतरी लवकर हातात पडतो, आणि मी प्रबंधवाल्यांना हेच दार आधी ठोठावायला सांगते.

दुसरं आयसीएमआरचं प्रबंध साहाय्य. त्याचा कॉल निघतो तेव्हाच अर्ज करता येतो, वर्षभर खिडकी उघडी नसते. विषय आयसीएमआरच्या प्राधान्यक्रमात बसावा लागतो. प्रतिजैविक-प्रतिरोध हा त्यांचा कळीचा विषय आहे, २०१३ पासून त्यांचं देशभराचं निगराणी जाळंच चालू आहे, त्यामुळे तिथे तुमची बाजू बरी आहे.

तिसरं दार पैशाचं नाही, सहकार्याचं आहे, आणि पुण्यात राहण्याचा खरा फायदा तिथे आहे. विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाचं एनसीसीएस, पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा एनसीएल आणि विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर, आयसीएमआरची विषाणू संस्था, भोसरीला एड्स संशोधनाची पूर्वीची नारी. एनसीसीएसमध्ये सूक्ष्मजीवांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचं. अशा ठिकाणी सिक्वेन्सर असलेल्या शास्त्रज्ञाला रुग्णालयातले, नीट नोंदी असलेले आयसोलेट्स हवेच असतात. ते त्याला सहज मिळत नाहीत. तुमच्याकडे ते आहेत. तुमच्या गाईडने त्याला सहसंशोधक म्हणून घेतलं तर वीस-पंचवीस आयसोलेट्स त्याच्या चालू प्रोजेक्टमधून होऊन जाऊ शकतात. फक्त ईमेल पाठवताना 'सर, मला मार्गदर्शन करा' असं मोघम लिहू नका. काय आहे, किती आहे, कधीपासून साठवलंय, काय हवंय, आणि शोधनिबंधात नावं कशी असतील, हे सहा-सात ओळींत लिहा. नमुने हलवण्याआधी दोन्ही संस्थांच्या एथिक्स कमिट्यांची परवानगी आणि एक साधा लेखी करार करून घ्या. हा करार टाळून 'ओळखीतलं आहे' म्हणत दिलेले नमुने पुढे लेखकांच्या नावांच्या भांडणात अडकलेले मी पाहिले आहेत.

मोठा पैसा, म्हणजे आयसीएमआरचं बाह्य संशोधन अनुदान, हे गाईडसाठी आहे. त्यातल्या छोट्या गटाची मर्यादाच दोन कोटींपर्यंत आहे, तेव्हा 'छोटं' या शब्दाला घाबरू नका. गाईड नुकत्याच रुजू झालेल्या, तरुण असतील तर एएनआरएफचं पंतप्रधान अर्ली करिअर अनुदान बघायला सांगा. मात्र यांचा निकाल यायला एवढा वेळ लागतो की तुमचा प्रबंध तोवर जमा झालेला असेल. त्यात तुमचा विषय 'प्राथमिक माहिती' म्हणून जाऊ शकतो, तुमचा खर्च त्यातून निघणार नाही. हे आधीच समजून घ्या, नाहीतर उगाच वाट बघत बसाल.

खासगी कॉलेजांच्या बाबतीत इथे एक खाचखळगा आहे. ट्रस्टच्या संस्थेला केंद्राचा प्रोजेक्ट घ्यायचा तर डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) संशोधन संस्था म्हणून मान्यता, स्वयंसेवी संस्थांच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरची नोंदणी, सरकारी पैसे वाटणाऱ्या पीएफएमएस प्रणालीशी जोडलेलं बँक खातं, आणि आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली एथिक्स कमिटी हे सगळं लागतं. एथिक्स कमिटीच्या नोंदण्या दोन असतात: नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी औषध नियंत्रकांकडे, आणि इतर जैववैद्यकीय संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे. एक आहे म्हणजे दुसरी आहेच असं नाही. कॉलेजच्या रिसर्च सेलला विचारा आणि मान्यता किती तारखेपर्यंत चालू आहे तेही बघा. मुदत संपलेली मान्यता हे अर्ज परत येण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

इथवरचं तुमच्यासाठी एका दमात: सिक्वेन्सिंग मोजक्याच आयसोलेट्सचं, बाकी पीसीआर, पैसा आधी कॉलेजकडे, मग आयसीएमआरच्या प्रबंध योजनेत, सिक्वेन्सिंगसाठी सहकार्य.

आता बहिणीकडे येऊ.

तिच्यासाठी सगळ्यात भक्कम मार्ग अजूनही नेटचाच आहे, हे ऐकायला नको असलं तरी. जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, पुढे सीनियर फेलो, म्हणजे एसआरएफ, झाल्यावर ४२ हजार, आणि वर घरभाडं. पुणे केंद्राच्या वर्गवारीत 'एक्स' शहर असल्यामुळे ते वरच्या दराने लागतं. वनस्पतिशास्त्राला सीएसआयआर-यूजीसीचा लाइफ सायन्सेसचा पेपर आहे, आणि विषय जैवतंत्रज्ञानाच्या जवळ जात असेल तर डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, जेआरएफ परीक्षाही. पीएचडीची नोंदणी झाली म्हणून परीक्षा देता येत नाही असा एक गैरसमज पसरलेला आहे. देता येते. वयाची अट तेवढी ताज्या जाहिरातीत तपासा. पहिल्या वर्षी कोर्सवर्क चालू असतानाच परीक्षा देणं सोपं, कारण पुढे फिल्डवर्क सुरू झालं की अभ्यास होत नाही.

नेट होईपर्यंत किंवा झाली नाही तर राज्याच्या संस्था आहेत, आणि त्यातल्या तीन तर पुण्यातच. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. आणि इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी नागपूरची महाज्योती. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही आणि मी विचारतही नाही. ज्यात बसत असेल ते एकच दार तुमचं. या अर्जांत माणसं अडकतात ती नोंदणीच्या तारखेवर. जाहिरातीत अमुक ते अमुक तारखेदरम्यान पीएचडीला नोंदणी झालेले असं लिहिलेलं असतं. विद्यापीठात प्रवेशाची फी भरल्याची तारीख वेगळी, संशोधन मान्यता समितीची बैठक वेगळी आणि कायम नोंदणीचं पत्र वेगळं. कुठली धरणार ते जाहिरात नीट वाचून, शंका असेल तर लेखी विचारून ठरवा. आणि जातप्रमाणपत्राच्या वैधतेचा कागद आत्ताच काढून ठेवा, तो जाहिरात आल्यावर धावत काढता येत नाही.

ती कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत असेल तर सावध. बहुतेक फेलोशिपा पूर्णवेळ संशोधनाची अट घालतात आणि दुसऱ्या उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र मागतात. महिन्याच्या चार पैशांसाठी घेतलेली ही तासिकांची नोकरी पुढे वसुलीच्या नोटिशीपर्यंत जाऊ शकते. आधी विचारून घ्यावं. दोन फेलोशिपा एकाच वेळी घेता येत नाहीत हे वेगळं सांगायला नको, पण एक चालू असताना दुसरीला अर्ज करायला हरकत नसते. मिळाली की पहिली रीतसर सोडायची.

यूजीसीची एकुलत्या एक मुलीसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची फेलोशिप आहे, तीत तुमच्या बहिणीचा नंबर लागणार नाही, कारण तुम्ही आहात! जुळ्या असतात तर चाललं असतं, तशी तरतूद आहे. गंमत सोडा, ही ओळ वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिली. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची स्त्रियांसाठी वाइज-किरण योजना आहे, त्यात पीएचडीसाठी स्वतंत्र फेलोशिप आहे. लग्न-बाळंतपणानंतर परत आलेल्या मुलींना मी ती आवर्जून सुचवते. तुमच्या बहिणीला लागू पडते का ते तिच्या वयावर.

आणखी एक रस्ता पुण्यात चालतो आणि बाहेरगावच्या मुलांना उशिरा कळतो: प्रोजेक्टवरची नोकरी. आघारकर संशोधन संस्था, एनसीएल, एनसीसीएस, आयसर आणि कोरेगाव रस्त्यावरचं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र, यांच्या वेबसाइटवर प्रोजेक्ट असोसिएटच्या जाहिराती येत राहतात. नेट असणाऱ्याला पगार जास्त, नसणाऱ्याला कमी, पण दार बंद नसतं. आधीच पीएचडीला नोंद असलेल्या मुलीने मात्र गाईड आणि प्रोजेक्टचा शास्त्रज्ञ या दोघांशी मुलाखतीआधीच बोलावं. काम तिच्या विषयाजवळचं असेल तर दोन्ही जमतं. अगदीच वेगळं असेल तर दोन वर्षं पगार मिळतो आणि प्रबंध तिथेच राहतो. मी असा प्रोजेक्ट नाकारण्याचाही सल्ला दिलेला आहे.

पैसे हातात कधी पडतात हेही बोलून टाकते. फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला येते असं समजून खोली भाड्याने घेऊ नका. पहिला हप्ता रुजू झाल्यावर कागद फिरून येतो, नंतर कधी तीन महिन्यांचे एकदम येतात, कधी हजेरीचं किंवा प्रगतीचं प्रमाणपत्र अडकलं म्हणून थांबतात. पहिल्या चार-सहा महिन्यांचा खर्च वेगळा असावा. तोवर सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली काही वाईट नाही. आणि घरून पैसे मागवण्याच्या संकोचाबद्दल: फेलोशिप मागचे थकलेले महिने धरून येते, तेव्हा घरच्यांकडून उसने म्हणून घ्यायला काय हरकत आहे?

तुमच्यासारखीच विचारणा इतरही करतात म्हणून बाकीच्यांसाठी भरभर. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, १९७९ पासून चालू, दोन महिन्यांचं काम. संशोधन आपल्याला झेपतं का हे कळायला याहून स्वस्त संधी नाही. बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांनी विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप बघावी. खगोलशास्त्र-भौतिकशास्त्रवाल्यांना पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचा सुट्टीतला कार्यक्रम आहे. पीएचडी किंवा एमडी झालेल्यांना इंडिया अलायन्सच्या फेलोशिपा आहेत, जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या. क्लिनिशियनसाठी त्यात वेगळा गट आहे. एमडी संपल्यावर तुम्ही स्वतः तिकडे बघा. चाचणीचं किट किंवा उपकरण बनवायचं असेल तर बायरॅकचं, म्हणजे जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्राच्या कंपनीचं, 'बिग' नावाचं अनुदान, ५० लाखांपर्यंत. त्यासाठी एनसीएलच्या आवारातल्या व्हेंचर सेंटर या नवउद्योग केंद्राला जाऊन बोलावं. एक लाख कोटींच्या आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) निधीच्या बातम्या वाचून कोणी विचारतं, पण तो मुख्यतः खासगी उद्योगांना कमी व्याजाचं भांडवल देण्यासाठी आहे. विद्यार्थ्याचा त्याच्याशी संबंध नाही. परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, आणि आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, आणि २०२५ च्या मेपासून अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने परदेशी संस्थांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली आहे, त्यामुळे त्या आशेवर प्रबंध उभा करू नये.

अर्ज लिहिताना माझं बारीक लक्ष बजेटकडे असतं. 'केमिकल्स: एक लाख' असं लिहिलेलं दिसलं की मी तिथेच थांबते. शंभर आयसोलेट्स, प्रत्येकी पाच जनुकं, नियंत्रणं धरून एवढ्या प्रतिक्रिया, एका किटमध्ये एवढ्या, म्हणून एवढी किटं: असं लिहिलेलं असलं की कळतं, हिने हात घातलेला आहे. जीएसटी धरा, कोल्ड चेनची वाहतूक धरा. दर सध्याच्या कोटेशनचे लावा. सगळी किटं एकदम मागवू नका. मास्टरमिक्सची मुदत संपते आणि आयसोलेट्स हळूहळू जमतात. सरकारी पैसा ३१ मार्चला मोजला जातो, पैसा कसा वापरला याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट जीएफआर (सरकारी वित्तीय नियम) १२-ए च्या नमुन्यात जातं, आणि ते गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही. प्रत्येक बिलाची प्रत स्वतःकडे ठेवा. कॉलेजच्या अकाउंट्समधल्या माणसाशी ओळख करून घ्या. वर्षअखेरीला त्याचा एक फोन तुमचा हप्ता वाचवतो.

'खात्रीने ग्रँट मिळवून देतो' म्हणणारे एजंट व्हॉट्सअॅपवर फिरतात. या कुठल्याही योजनेला मध्यस्थ लागत नाही. पैसे देऊन लिहून घेतलेला प्रस्ताव मुलाखतीत पाच मिनिटांत उघडा पडतो.

आणि एथिक्स. 'आयसोलेट्सच तर आहेत, रुग्णाला हात लावत नाही, मग परवानगी कशाला' असं म्हणू नका. उरलेल्या, ओळख काढून टाकलेल्या नमुन्यांसाठी संमतीपत्रातून सूट मिळू शकते, पण ती सूट कमिटीने द्यायची असते, आपण गृहीत धरायची नसते. रुग्णाच्या फाइलमधली वयाची, निदानाची माहिती घेणार असाल तर तेही अर्जात लिहा. परवानगीचं पत्र नसेल तर आयसीएमआरचा काय, कॉलेजचाही पैसा सुटत नाही. म्हणून उद्या सकाळी सगळ्यात आधी कमिटीच्या सचिवांना विचारा की पुढची बैठक कधी आहे आणि कागद किती दिवस आधी द्यावे लागतात.